लोखंड हातात देऊ नये

१

धुळ्यात साक्री रोडला जीवराम मिस्त्रीचा गाळा होता. पाटीवर अजून त्याचंच नाव होतं, पण येत्या रविवारी त्याला जाऊन वर्ष होणार होतं, आणि गाड्यांच्या दारांचं काम आता त्याची बायको भागाबाई करत होती. ती नव्यानेच शिकली असा बाजाराचा समज होता. बाजाराला काय, दिसतं तेवढंच कळतं. शेवटची सहा वर्षं जीवरामची नजर साखरेने गेलेली होती. तो स्टुलावर बसून काचेच्या मोटरचा आवाज ऐकायचा आणि ‘तार सुटलीय’, ‘गरारी झिजलीय’ असं सांगायचा. दारात कोपरापर्यंत हात घालायची ती भागाबाई. गिऱ्हाईक आलं की ती हात पुसून चहा ठेवायला उठायची आणि नाव मिस्त्रीचं व्हायचं. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटत होतं, आणि चांगलंच झोंबत होतं.

जीवरामचा एक नेम होता. मीठ, मिरची, कात्री कुणाच्या हातात देऊ नये, भांडण लागतं, हे घरोघरी पाळतात. जीवरामने त्यात सगळं लोखंड घातलं होतं. पाना असो, पेचकस असो, चिमूटभर नट असो, समोरच्याने तो खाली ठेवायचा आणि घेणाऱ्याने उचलायचा. त्यासाठी टेबलापाशी गोणपाटावर एक पत्र्याची ताटली कायमची असे. डोळे गेल्यावरही त्याने नेम सोडला नाही. ताटलीत टण्ण वाजलं की तो बरोबर तिकडे हात न्यायचा. भांडणं व्हायची ती होतच होती, पण लोखंडावरून ती कधी झाली नाहीत.

तो गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ लोटन पुढे झाला. बाईमाणसाने गाड्यांखाली हात काळे करू नयेत, गाळा आपल्याकडे द्यावा, आपण त्यात टायरचं दुकान घालू, असं त्याचं म्हणणं. भागाबाईने ठणकावून नाही म्हटलं. शेवटी घरातले वडीलधारे अभिमन आबा मध्ये पडले. वर्ष होईपर्यंत शटरला दोन कुलुपं, एक किल्ली भागाबाईकडे, एक लोटनकडे. सकाळी दोघांनी मिळून उघडायचं, संध्याकाळी दोघांनी मिळून लावायचं. वर्षभरात एक जरी गाडी काम न होता परत गेली, तर गाळा लोटनचा.

एकही गाडी परत गेली नव्हती. वर्षाला पाच दिवस उरले होते.

२

मंगळवारी देवपूरचे रतिलालशेठ आपली पांढरी गाडी घेऊन आले. बटनावर काचा चालणाऱ्या गाड्या तेव्हा, सत्त्याण्णव साली, धुळ्यात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शेठजींच्या गाडीची मागच्या डाव्या दाराची काच आपोआप खाली यायची. पूर्ण नाही, चार बोटं. तेवढ्या फटीतून रस्त्याचा सगळा फुफाटा आत यायचा, आणि शनिवारी त्यांना दमा असलेल्या आईला घेऊन जळगावला जायचं होतं.

“दोन ठिकाणी दाखवली,” शेठजी म्हणाले. “म्हणतात, काहीच बिघाड नाही.”

“बिघाड नसता तर काच खाली आली असती का,” भागाबाई म्हणाली आणि गाडी आत घेतली.

दार उघडायचं तिचं एक वळण होतं. आधी आर्मरेस्टचे दोन स्क्रू, मग बटनाची पट्टी, मग पेचकसाच्या टोकाला फडकं गुंडाळून दाराचा पुठ्ठा अलगद उचकटायचा, म्हणजे क्लिपा तुटत नाहीत. पुठ्ठ्यामागे काळ्या डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. तो सोलला की पत्र्याला एक भोक दिसतं. त्यातून हात आत जातो आणि हात गेला की भोक भरून जातं, डोळ्यांना काही उरत नाही. पुढचं सगळं बोटांनी पाहायचं.

तिच्या बोटांनी पाहिलं. काच वर-खाली ओढणाऱ्या मशीनची तार उसवली होती, मोटरची प्लास्टिकची दात्यांची गरारी एका बाजूने झिजली होती. तिला बरं वाटलं. कारण सापडलं की अर्धं काम झालं, असं जीवराम म्हणायचा. नाशिकला फोन करून तिने नवी मशीन मोटरसकट मागवली. बुधवारी एसटीच्या पार्सलने ती आली. तिने ती बसवली, काच ज्या रबरातून सरकते ते पुसून त्यात सुकी पावडर मारली, तारेला ग्रीस लावलं आणि बटन दाबलं. काच लोण्यासारखी वर गेली. तिने वीस वेळा वर-खाली करून पाहिली. मग पुठ्ठा लावला, काच वर घेतली आणि लोटनबरोबर दोन कुलुपं लावून घरी गेली.

गुरुवारी सकाळी काच चार बोटं खाली होती.

३

तिला पहिला संशय लोटनचा आला, आणि तो यावा असाच माणूस होता. पण तिची किल्ली रात्रभर तिच्या उशाखाली होती, आणि गाळ्याला दुसरी वाट नव्हती. मग तिने बटनाचा संशय घेतला. बटन खोलून घासलं. वायर कुठे पत्र्याला टेकते का, ते पाहिलं. काही नव्हतं. संध्याकाळी तिने काच वर घेतली आणि बॅटरीची तारच काढून टाकली. विजेशिवाय मोटर फिरत नाही. हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

शुक्रवारी सकाळी शटर वर गेलं तेव्हा तिने आधी दाराकडे पाहिलंच नाही. केर काढला, पाणी भरलं, अगरबत्ती लावली. लोटन पायरीवर उभा होता. तोच बोलला.

“वहिनी, काच खाले शे.”

तिने जाऊन फटीत बोटं घातली. बरोबर चार मावली. तेव्हा तिला एक गोष्ट दिसली. काचेच्या वरच्या कडेला, रात्रभरात धूळ बसली होती तिथे, कुठलीच खूण नव्हती. कुणी वरून दाबून काच खाली केली असती तर ठसे उमटले असते. म्हणजे काच खालून ओढली होती. दाराच्या आतून.

हा विचार तिने तिथल्या तिथे झटकला. ती स्वतःवरच चिडली. उन्हाने पत्रा फुगतो, रात्री आकसतो, गरारी नवी आहे, अजून बसली नसेल. एवढी कारणं असताना माणसाने भलतीकडे कशाला जावं? तिने पुठ्ठा पुन्हा उचकटला आणि परवाच बसवलेली नवी मशीन मोटरसकट बाहेर काढून टेबलावर ठेवली. आता दारात काच, पत्रा आणि हवा. काच वर ढकलून तिने दोन्ही बाजूंनी बाभळीच्या पाचरी ठोकल्या, वरून चिकटपट्टी मारली. मशीनच नाही म्हटल्यावर आता खाली ये म्हणावं.

लोटन दिवसभर पायरीवर बसून होता. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, हे तिला उशिरा जाणवलं. तो सारखा दाराकडे पाहत होता.

४

दुपारी चारच्या सुमाराला साक्री रोडवर कुत्रंही नव्हतं. मे महिन्याचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. भागाबाई टेबलापाशी मोटर खोलून बसली होती. तिच्या हातात मोटरचा आतला गोळा होता, तारा वेगळ्या, गरारी वेगळी.

तेव्हा दारातून मोटरचा आवाज आला. घर्र. थोडा थांबून पुन्हा, घर्र.

तिने हातातल्या गोळ्याकडे पाहिलं. तो गप्प होता. एक पाचर सुटून सीटवर पडली, मग दुसरी. चिकटपट्टी ताणत गेली आणि काच खाली उतरली. चार बोटं उतरली आणि थांबली.

भागाबाईच्या पाठीवर काटा आला. तो का येऊ नये? ती काही दगडाची नव्हती. तिने गोळा ताटलीत ठेवला आणि तो वाजू नये म्हणून हळूच ठेवला. मग तिला त्याचीच लाज वाटली. आपल्याच दुकानात आपण चोरासारखं कुणाला घाबरून वागतो आहोत?

लोटन उठून उभा राहिला होता. त्याचे डोळे भरले होते.

“भाऊ शे,” तो म्हणाला. “भाऊना जीव आठेच, दुकानमा, अटकेल शे, वहिनी. त्याले मोकळा कर. दुकान बंद कर.”

तिला त्याचा राग आला आणि कीवही आली. लोटन खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आपला भाऊ ऐकू आला होता. आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिलाही वाटलं, असेल. सहा वर्षं याच आवाजांवर जीवराम जगला होता. तो असेल तर काय करायचं? तो अडकला असेल तर गाळा सोडायलाच हवा. शेवटी आपल्यासाठी तो तिथे अडकून राहावा असं कोणती बाई म्हणेल?

पण तो असेल तरच. आधी ते पाहायला हवं होतं. नुसत्या आवाजावर दुकान देणाऱ्यातली ती नव्हती. तिने लोटनला बाहेर पायरीवर बसायला सांगितलं आणि मोटर जोडायला घेतली.

५

मोटर जोडून तिने मशीन पुन्हा दारात बसवली. तीन नट लागतात, दहाच्या पान्याचे. दोन बसले. तिसरा सगळ्यात आत, काचेच्या मागे. तो तिच्या ग्रीसच्या बोटांतून सुटला. खाली पडल्याचा आवाज आला नाही.

ती गुडघ्यावर बसून कोपरापर्यंत आत चाचपू लागली. पत्रा धारदार होता, मनगट खरचटलं. नट सापडेना. ती थांबली, तळहात उताणा ठेवून जरा दम घेतला.

कुणीतरी तिच्या तळहातावर नट ठेवला.

ठेवला, आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. कोरडी, उबदार बोटं होती.

तिने हात ओढला, पत्र्याने कातडी सोलली. मुठीत नट होता. ग्रीसला चिकटून वर राहिला असेल, मग सुटून हातावर पडला असेल. असं होतं. दारात असं पुष्कळ होतं. पण आपली बोटं कुणी मिटवली? दचकून आपणच मिटवली असतील. तिने मनगटाला फडकं बांधलं, पुन्हा हात आत घातला आणि या वेळी नट मुद्दाम सोडला.

पुन्हा आवाज नाही. तिने तळहात उताणा केला. एक, दोन, तीन मोजायच्या आत नट हातात आला. पुन्हा बोटं मिटवली गेली, हळू, लहान मुलाला खाऊ द्यावा तशी.

मग ती आणखी एक गोष्ट करून पाहायला उठली. तिच्या कुंकवाच्या करंड्यात एक गोल आरसा होता. जीवराम गेल्यापासून करंडा बंद होता, पण आरसा तिने वाया घालवला नव्हता. तारेच्या टोकाला बांधून ती त्याने दारांच्या आत पाहायची. घरच्या बायकांनी त्यावरूनही नाकं मुरडली होती. तिने छोटा टॉर्च पेटवून तोंडात धरला आणि आरसा भोकातून आत सरकवला.

आधी काचेची खालची कड दिसली. मग कडेवर चार बोटं. पलीकडून येऊन कड पकडलेली, वजन टाकून लोंबकळलेली. मनगटाच्या पुढे अंधार होता आणि त्या अंधाराला जेवढी जागा लागेल तेवढी त्या दारात नव्हती. ती पाहत असताना एकेक बोट सुटलं, हात उताणा झाला आणि आरशाच्या दिशेने पुढे आला. काहीतरी मागत असावा तसा तो तिथेच थांबला.

नखं गुलाबी होती. स्वच्छ होती.

भागाबाईने आरसा काढून घेतला आणि जमिनीवर बसली. मनातून मोठं ओझं उतरलं होतं, इतकं की तिला रडू आलं. जीवरामच्या नखांतलं काळं साबणाने, राखेने, रॉकेलने, कशानेही कधी गेलं नव्हतं. तिरडीवरही नखं काळी होती, तिने स्वतः पाहिली होती. आणि जीवरामने तिच्या हातात नट दिला असता? जन्मात दिला नसता. अठरा वर्षांत त्याने तिच्या हातात लोखंड म्हणून दिलं नव्हतं. हा तो नव्हे. हा कुणीही असो, हा तिचा नवरा नव्हे.

मग याच्यासाठी गाळा कशाला सोडायचा?

एकदम तिला राग चढला. वर्षभर साठलेला सगळा चढला. दिराचा, बाजाराचा, नाकं मुरडणाऱ्या बायकांचा. वर्षभर जो येईल तो तिला सांगत होता की इथे तुझी जागा नाही. आता हाही आला, दाराच्या आतून.

ती उठली. नट दारात सोडला. हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळहात पालथा केला. बोटं आली. तिच्या तळव्याखाली शिरायला वाट शोधू लागली.

“हातमा नही,” भागाबाई म्हणाली. “हाई मनं दुकान शे. आठे लोखंड हातमा देतस नही. खाले ठेव.”

बोटं तिच्या हातावर थांबली. बाहेर पायरीवर बसलेल्या लोटनचा श्वास तिला ऐकू येत होता.

मग बोटं बाजूला झाली. दाराच्या तळाशी, पत्र्यावर, टण्ण वाजलं.

तिने नट उचलला, लावला आणि दहाच्या पान्याने आवळला.

६

रात्री बॅटरीची तार जोडून तिने काच वर घेतली होती, ती शनिवारी सकाळीही वरच होती. रतिलालशेठ आईला गाडीत बसवूनच आले होते, दुसऱ्या कुणाच्या गाडीतून. त्यांनी बटन दाबून दहा वेळा पाहिलं, मग आईने पाहिलं. म्हातारीने काचेवर टकटक करून ‘आता बरं झालं’ असं सांगितलं आणि मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसली. भागाबाईने तिला उजवीकडे बसायला सुचवलं. का, ते सांगितलं नाही. म्हातारी उजवीकडे सरकली. गाडी जळगावच्या रस्त्याला लागली तेव्हा चारही काचा वर होत्या.

अभिमन आबांना तिने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते काठी टेकत पायरीवर बसले. वर्ष उद्याचं होतं, पण त्यांना उद्याची गरज वाटली नाही. एकही गाडी परत गेली नव्हती. बोललो तसं झालं पाहिजे, असं म्हणून त्यांनी लोटनकडे पाहिलं.

लोटनने कनवटीची किल्ली काढली. रात्रभर तो झोपला नसावा. त्याने किल्ली पुढे केली, वहिनीच्या हातात द्यायला.

“हातमा नही, लोटनभाऊ,” भागाबाई म्हणाली. “खाले ठेव.”

लोटनला आपल्या भावाचा नेम आठवला. तो वाकला आणि त्याने किल्ली पायरीवर पसरलेल्या गोणपाटावर ठेवली. गोणपाटावर आवाज झाला नाही.

आवाज आत झाला. गाळ्यात कुणी नव्हतं, गाडीही गेली होती. टेबलापाशी जिथे पत्र्याची ताटली होती, तिथे टण्ण झालं. मग जरा वेळाने पुन्हा एकदा.

आबांना कमी ऐकू यायचं, ते रस्त्याकडे पाहत होते. लोटनचा रंग उडाला. ते गाडीबरोबर गेलं नव्हतं.

“वहिनी,” तो कसाबसा म्हणाला, “आयकं?”

भागाबाईने वाकून किल्ली उचलली आणि पदराला बांधली. ती मागे वळली नाही.

“आयकं,” ती म्हणाली. “सांगं तसंच खाले ठेवी राह्यना ना? मंग राहू दे.”

लोटन आबांना धरून घेऊन गेला आणि जाताना त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. अकराच्या सुमाराला एक जीप आली, पुढच्या दाराची काच अडकलेली. भागाबाईने पुठ्ठा उचकटला, कागद सोलला आणि भोकापाशी जरा थांबली. मग तिने हात आत घातला, तळहात पालथा ठेवून.